आधी वावर, मग विद्यापीठ

भाऊसाहेब गेले १० एप्रिल १९६५ रोजी, आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले २० ऑक्टोबर १९६९ रोजी. ज्या विद्यापीठाच्या कमानीवर आज डॉ. पंजाबराव देशमुख हे नाव आहे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेच नाही. आमच्या वऱ्हाडात दरवर्षी २७ डिसेंबरला त्यांची जयंती होते. पुतळ्याला हार पडतो, शाळेतली मुले लेझीम खेळतात, वक्ते शिक्षणमहर्षी आणि कृषिमहर्षी ही दोन विशेषणे आलटून पालटून वापरतात आणि दुपारच्या आत सगळे पांगतात. इतक्या वर्षांत हार पुष्कळ झाले. पण एखादी संस्था किंवा एखादा अभ्यासक्रम नुसता कागदावर असताना, म्हणजे भिंत नाही, फळा नाही, पोरगा नाही अशा अवस्थेत, हा माणूस त्याच्याकडे कसा पाहत असे, याविषयी मी फारसे ऐकलेले नाही.

हा प्रश्न मला पडण्याचे कारण साधे आहे. नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि तेव्हापासून आमच्या भागातल्या कॉलेजांतून नव्या अभ्यासक्रमांचे पीक जोरात आहे. कुणी पदविका काढतो, कुणी प्रमाणपत्र, कुणी कौशल्याचा वर्ग. विद्यापीठाच्या दारात असा प्रस्ताव गेला की त्याची वाट ठरलेली असते. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद. शिवाय २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पाच वर्षांचा बृहत् आराखडा आहे, त्यात बसत नसेल तर नवे कॉलेज किंवा नवा अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. कागदोपत्री चाळण्या पुष्कळ आहेत. तरीही तीन वर्षे शिकून, हातात प्रमाणपत्र घेऊन, बसस्थानकावर उभी असलेली पोरे मी रोज पाहतो. त्या प्रमाणपत्राचे काय करायचे, हे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. दिवस बँकेच्या शाखांमध्ये गेले आणि रात्री कादंबऱ्या लिहिण्यात. परंतु कर्जाचे प्रस्ताव मी हजारांनी वाचले आहेत, आणि एवढे मला नक्की ठाऊक आहे की बुडणारे कर्ज बहुतेक वेळा मंजुरीच्या दिवशीच बुडालेले असते. थकलेला हप्ता ती बातमी फक्त उशिरा आणतो. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या वाचनाला आम्ही फार जपत असू. जमीन कुणाची, पाणी कुठले, माल घेणार कोण, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी हा माणूस काय खाणार? भाऊसाहेबांचे चरित्र वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटत आले आहे की शिक्षणाच्या बाबतीत त्यांची पहिली छाननी काहीशी याच जातीची होती.

त्यांचा जन्म १८९८ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. घर शेतकऱ्याचे, वडील शामराव, आई राधाबाई. शिक्षणासाठी मूळ गाव सोडून चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावतीचे हिंद हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन. पुढचा इयत्तावर्ग पुढच्या गावी, ही त्या काळच्या खेड्यातल्या पोराची नित्याची कहाणी. १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरा विद्यापीठात शिकले, तिथली संस्कृतसाठीची व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली, वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि बॅरिस्टरही झाले. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा वेदांवर विलायतेत प्रबंध लिहितो, ही गोष्ट आज आपण सहज वाचून जातो. १९२० च्या दशकातल्या अमरावतीत ती सहज नव्हती.

परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली, आणि थोड्याच काळात दुसऱ्या कामांनी त्यांना ओढून घेतले. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्यांशी आंतरजातीय विवाह केला. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत जो लढा झाला, त्यात ते पुढे होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग त्यांनी धरला. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेले, मंत्री झाले, शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. मध्यप्रांतात १९३३ साली झालेल्या कर्ज लवाद कायद्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. सावकाराचा आकडा एका बाजूला आणि कुणब्याची ऐपत दुसऱ्या बाजूला ठेवून मधला मार्ग काढणारा तो कायदा होता. बँकेच्या माणसाला त्याविषयी विशेष आदर वाटणारच.

पण मला सांगायचे आहे ते छात्रालयाविषयी. अमरावतीत १९२३ सालीच किंग एडवर्ड कॉलेज निघाले होते, त्याच साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले होते. वऱ्हाडात उच्च शिक्षणाची सोय नव्हती असे म्हणता येणार नाही. सोय होती, पण ती दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या कुणब्याच्या पोराला पोचत नव्हती, कारण त्याला शहरात झोपायला जागा नव्हती आणि दोन वेळचे जेवण नव्हते. भाऊसाहेबांनी विलायतेहून आल्यावर कॉलेज काढले नाही. त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत. मग १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली, मग शाळा झाल्या, आणि अमरावतीचे श्री शिवाजी महाविद्यालय निघाले ते १९४६ साली. छात्रालयापासून कॉलेजपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. आधी खाट, मग ताट, मग शाळा आणि शेवटी पदवी असा तो क्रम आहे. आज नवे कॉलेज काढणारे लोक नेमका उलटा क्रम धरतात. आधी फलक लावतात, मुलगा राहील कुठे हा प्रश्न पालकांच्या गळ्यात टाकतात.

आता त्यांच्या ज्या कामाविषयी जयंतीच्या भाषणांत कधी शब्द निघत नाही, त्याकडे येतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. त्या आयोगात आर्थर मॉर्गन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. टेनेसी नदीच्या खोऱ्यातल्या धरणांच्या मोठ्या योजनेचे ते पहिले अध्यक्ष. खेड्यांसाठी वेगळी ग्रामीण विद्यापीठे असावीत, या विचारावर त्यांचा फार भर होता आणि आयोगाने तो आपल्या अहवालात घेतला. पुढे १९५४ साली श्रीमाळी समिती नेमली गेली, आणि १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन होऊन देशातल्या निवडक ठिकाणी ग्रामीण संस्था सुरू झाल्या. दिल्लीची जामिया, बंगालमधील श्रीनिकेतन, मदुराईजवळचे गांधीग्राम, कोल्हापूरकडे गारगोटीचे मौनी विद्यापीठ, आणि त्याच यादीत आमच्या अमरावतीचे श्री शिवाजी लोकविद्यापीठ. ते भाऊसाहेबांच्या संस्थेचेच. वऱ्हाडाच्या वाट्याला असा मान क्वचित येतो.

कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. तीन वर्षांचा ग्रामसेवेचा पदविका अभ्यासक्रम, दोन वर्षांचा शेतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, ग्रामीण बांधकामाचा तीन वर्षांचा, आरोग्य निरीक्षकाचा एक वर्षाचा. विद्यार्थ्याने केवळ वर्गात बसायचे नाही, आसपासच्या गावांत जाऊन कामही करायचे. केंद्र सरकारने ग्रामसेवेची पदविका नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची मानली. एवढे सगळे असताना गाडी रुतली कुठे? ती रुतली त्या बरोबरीच्या शब्दावर. सरकारने बरोबरीची म्हटले तरी नेहमीची विद्यापीठे पुढच्या शिक्षणासाठी तिला सहजासहजी दार उघडीनात. नोकरी देणारा अधिकारी अर्जातली पदविका वाचून बी.ए.वाल्याकडे वळू लागला. आपला मुलगा तीन वर्षे घालवून पदवीधर होणार की नाही, या बापाच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेना. पुढे यातल्या बहुतेक संस्था नेहमीच्या विद्यापीठांच्या छायेत गेल्या. जामिया १९६२ मध्ये आणि गांधीग्राम १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले, त्यांचे निभावले. ग्रामसेवेची पदविका मात्र लोकांच्या आठवणीतूनही गेली.

भाऊसाहेबांचे भक्त यावर नाराज होतील, पण मला ही त्यांच्या आयुष्यातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते. ज्या माणसाने छात्रालयाच्या वेळी खाटेपासून हिशेब मांडला, त्याच्याच संस्थेत चाललेला हा प्रयोग शेवटच्या एका प्रश्नावर अडला. या कागदाला बाहेर कोण ओळखणार? दोष एकट्या त्यांचा नव्हता, योजना दिल्लीची होती आणि ती आखणारी माणसे थोर होती. परंतु थोर माणसांच्या सुंदर कल्पनेलाही हा रुक्ष प्रश्न आधीच विचारावा लागतो, नाहीतर त्याची किंमत ज्याने कल्पना काढली तो देत नाही. ती देतो कुठल्या तरी वावरातून आलेला वीस वर्षांचा पोरगा.

याच काळात भाऊसाहेब दिल्लीत होते. घटना समितीत ते होते, १९५२ पासून लोकसभेत, आणि १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे केंद्र सरकारात शेतीचे खाते सांभाळत होते. भाताच्या जपानी लागवडीची मोहीम, १९५५ मधला भारत कृषक समाज, १९५९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन, ज्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते, या गोष्टी सर्वांना माहीत आहेत. त्यांच्याच कारकिर्दीत आणखी एक काम गाजावाजा न होता चालले होते. भारतात शेतीचे स्वतंत्र विद्यापीठ असावे का, आणि असावे तर कसे, याची तपासणी.

ही तपासणी किती सावकाश झाली, ते पाहण्यासारखे आहे. के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालील भारत-अमेरिका संयुक्त पथकाने १९५५ मध्ये अहवाल दिला. १९५६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे हॅना यांनी तराईतल्या नियोजित विद्यापीठाचा आराखडा लिहून काढला. दुसरे संयुक्त पथक १९५९ मध्ये आले. प्रत्यक्ष पहिले कृषी विद्यापीठ, पंतनगरचे, सुरू झाले १९६० साली. तेही सुमारे सोळा हजार एकर जमीन हाताशी ठेवून. मग इतर राज्येही विद्यापीठ मागू लागली. ती घाईने वाटून टाकण्याऐवजी राल्फ कमिंग्ज यांची समिती नेमली गेली आणि तिने १९६२ मध्ये नियम घालून दिले. शिकवणे, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे असली पाहिजेत. राज्याने आपली संशोधन केंद्रे तिच्या स्वाधीन केली पाहिजेत. विधिमंडळाचा कायदा हवा, स्वायत्तता हवी. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमीन देऊन अशीच कॉलेजे उभी केली होती, त्या अनुभवाची ही भारतीय आवृत्ती. हे सारे श्रेय भाऊसाहेबांचे असे मी म्हणणार नाही. दामले, रंधावा, कमिंग्ज अशी अनेक माणसे त्यात होती. पण शेतीच्या पदवीला बाहेर कोण ओळखणार, हा प्रश्न या वेळी आधी सुटला होता. कायदा होता, विद्यापीठ होते, पदवी होती. आणि जमीन होती.

विदर्भात असे विद्यापीठ व्हावे, ही भाऊसाहेबांची मागणी. कारणे भक्कम होती. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे. काळ्या जमिनीचा कापूस आमचा. शिवाय अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या मधून पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला खारपाणपट्टा. तिथे विहिरीचे पाणी खारट, पिकाला देववत नाही आणि माणसाला पिववत नाही. पुण्या-नगरकडच्या ऊसवाल्या संशोधनातून या जमिनीचे उत्तर कसे निघणार? भाऊसाहेब गेल्यानंतर राज्यासाठी एकच विद्यापीठ करायचे आणि ते राहुरीला, असे ठरू लागले तेव्हा १९६७ साली विदर्भ पेटला. आंदोलन झाले, त्यात माणसे बळी गेली. एखाद्या विद्यापीठाच्या जागेसाठी लोकांनी जीव दिला, हे इतर प्रांतातल्या वाचकांना खरे वाटत नाही. १९६८ मध्ये राहुरीला राज्याचे विद्यापीठ निघाले आणि दुसऱ्याच वर्षी अकोल्याचे वेगळे झाले. परभणी आणि दापोली आली १९७२ मध्ये.

आमचे हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून अकोल्याला शिकायला जाणारी पोरे तेव्हा खांडवा-अकोला मीटरगेज गाडीने जात, डबा बरोबर घेऊन. त्यातली काही विद्यापीठात शिरली आणि बी.एस्सी. ॲग्री होऊन बाहेर पडली. ती शेतीकडे परत येतील, सुधारलेली शेती करतील, असे अहवाल लिहिणाऱ्यांना वाटले असावे. फारशी आली नाहीत. झाले असे, की १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ऑक्टोबरमध्ये अकोल्याचे विद्यापीठ निघाले. बँकांना खेड्यात कर्ज वाटायचे होते आणि वखर व तिफण यांतला फरक कळणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. ती जागा या पदवीधरांनी भरली. मी शाखेत होतो तेव्हा आमचे कृषी अधिकारी अकोल्याचेच. पऱ्हाटीच्या बोंडाकडे पाहून उतारा सांगत, आणि त्यांचा अंदाज चुकला असे मला क्वचित आठवते. दामल्यांच्या वा कमिंग्जच्या तपासणीच्या वेळी हा योग कुणाच्या ध्यानीमनी असणे शक्यच नव्हते. पाया जमिनीवर असला की असा अनपेक्षित लाभ होतो, एवढे माझ्या अनुभवाने मी म्हणेन. लोकविद्यापीठाच्या पदविकेला असा योग आला नाही, कारण तो यायच्या आधीच तिचा धीर सुटला.

अलीकडे आमच्या भागातली काही तरुण शिक्षक मंडळी एक टिपण घेऊन माझ्याकडे आली. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पानपिंपरी आणि नागवेल होते. पांगारा-शेवरीच्या आधाराने चढणारी वेल, सावली सांभाळायची, पाणी मोजून द्यायचे, एकेक पिंपरी हाताने तोडायची. बारी समाजाने जपलेली ही विद्या. आम्ही पीककर्ज देत असू तेव्हा दरपत्रकात कापूस, ज्वारी, तूर असे आकडे तयार असत आणि पानपिंपरीवाला समोर आला की पेन थांबे. या वेलींच्या लागवडीचा, वाळवणीचा आणि विक्रीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढावा, असा या मंडळींचा विचार. अकोल्याच्या विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे, त्यांची मदत घ्यावी असेही त्यांनी लिहिले होते. टिपणात प्रस्तावना चार पानांची, तीत भाऊसाहेबांचे नाव सहा वेळा.

मी प्रस्तावना बाजूला ठेवली आणि बाकीचे वाचले. शिकवायला कुणाचा पानमळा मिळणार, त्याचे भाडे कोण देणार? ज्या म्हाताऱ्या माणसांना ही विद्या येते, त्यांच्याकडे पदवी नाही, मग त्यांना शिक्षक म्हणून कोणत्या नियमात बसवणार? बाहेरगावचा मुलगा आला तर राहणार कुठे? औषधे बनवणाऱ्यांपैकी कुणी हे प्रमाणपत्र पाहून माल चार पैसे जास्त देऊन घेईल का, कुणाला विचारले आहे का? मंडळी जरा हिरमुसली. पण त्यातला एक जण, जो सबंध वेळ काही बोलला नव्हता, त्याने वही काढून प्रश्न उतरवून घेतले. दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला. या वेळी प्रस्तावना एका परिच्छेदाची होती, सोबत दोन पानमळेवाल्यांची संमतीपत्रे होती आणि गावातल्या एका रिकाम्या वाड्यातल्या तीन खोल्यांचा हिशेब होता. मालाच्या खरेदीचा रकाना अजून कोरा आहे. त्यासाठी तो येत्या आठवड्यात अकोल्याला जाणार आहे.